मेंदू आणि बीपी

पेडगावच्या मंडळींनी आम्हाला विचारलं, ‘सर, बीपी तर हृदयाचा आजार. तत्त्वज्ञानवाल्यांचं त्यात काय काम?’ प्रश्न रास्त आहे. पण हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना हुकूम सुटतो तो मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेतून. मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या भिंतीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. आपण खाटेवरून झटकन उठलो, दाब घसरला, की तिथून वर्दी जाते. लंबमज्जा वाहिन्या आवळते, ठोके वाढवते; म्हणून आपण कोसळत नाही.

गोम पुढं आहे. दाब बरेच दिवस चढाच राहिला, तर ही यंत्रणा चढ्या आकड्यालाच नेहमीचा धरून बसते, तो उतरवायचा आटापिटा करत नाही. आणि दाब आपल्याला एरवीही जाणवत नसतो. ‘मला काही होत नाही’ म्हणून गोळी बंद करणारा माणूस खोटं बोलत नसतो हो! पण असंच एखाद्याचं पुढं अर्धं अंग जातं.

मेंदूचा हात आम्हाला पटला तो एका मुळीमुळं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. हीच मुळी आपल्याकडं वेडावरही देत. तिच्यातलं रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिकामा करतं. दाब उतरतो, काहींना मात्र उदासीनं घेरल्याच्या नोंदी झाल्या. आम्ही वर्गात देकार्तचं मन वेगळं, शरीर वेगळं असं शिकवत आलो. या मुळीपुढं आमची पंचाईत होते.

तरी ‘टेन्शन सोडा, बीपी जाईल’ असं आम्ही म्हणणार नाही. मीठ, वजन, मूत्रपिंडं यांचाही वाटा मोठा आहे.