केजकरांनो, ‘गुलाब’ आठवतंय ना?

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की हवामानाच्या नकाशावर नजर ठेवा. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किमी झाला की ‘डिप्रेशन’, ५० ला ‘डीप डिप्रेशन’, आणि ६२ गाठला की चक्रीवादळ. नाव तेव्हाच मिळतं. पण आपल्याला पाऊस देणारी बहुतेक क्षेत्रं बिननावाचीच असतात.

आणि वादळ ओसरून नाव गेलं म्हणून धोका टळत नाही. २६ सप्टेंबर २०२१ ला ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र-ओडिशा किनाऱ्यावर धडकलं, जमिनीवर येताच ढिलं पडलं. तरी उरलेल्या ढगांनी मराठवाडा झोडपला. धनेगावच्या मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात ‘शाहीन’ चक्रीवादळ झाले.

म्हणून सप्टेंबरात सोयाबीन काढण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघाच.