सांगोल्याचे गणपतराव

गणपतराव देशमुख १९६२ पासून सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेवर निवडून आले. मंत्रिपद मात्र १९७८ आणि १९९९ नंतर, तेही थोडाच काळ. म्हणून त्यांची कारकीर्द खात्यांवरून मोजता येत नाही. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा त्यांनी सोडला नाही, शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली, आमदार असूनही एसटीनं प्रवास केला. सत्ताधारी पक्षात गेले असते तर दुष्काळी तालुक्याला पाणी लवकर मिळालं असतं, हा आक्षेप वजनदार आहे. टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांचं पाणी यायला खरोखरच फार उशीर झाला. पण तो प्रश्न सभागृहात सतत धगधगता राहिला, तो त्यांच्या चिकाटीमुळेच. लोकांनी त्यांची ही पक्षनिष्ठा डोळे झाकून स्वीकारली नव्हती. १९७२ आणि १९९५ मध्ये त्यांना पाडलं, आणि दोन्ही वेळा परतही आणलं.