शिकाऊ परवान्याचे सहा महिने

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की कायदा आपल्याला दोन अधिकार देतो. एक मत देण्याचा आणि दुसरा मोटार चालविण्याचा. पहिला अधिकार एकदम व संपूर्ण मिळतो. अठरा वर्षांच्या मुलाचे मत आणि साठ वर्षांच्या सरपंचाचे मत यांत कायदा फरक करीत नाही. दुसऱ्या अधिकाराचे तसे नाही. तो पायरीपायरीने मिळतो. या पायऱ्या कोणत्या, त्या कशासाठी बांधल्या आणि आपण त्या चढतो की उडी मारून ओलांडतो, हे या लेखात सांगावयाचे आहे. प्राध्यापक मंडळींना यातील पुष्कळ गोष्टी ठाऊक असतील. त्यांनी क्षमा करावी. परंतु आमच्या वर्गातील एकोणीस-वीस वर्षांच्या किती जणांना त्या ठाऊक आहेत, याची मला शंका आहे.

आपल्या देशात हा विषय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली येतो. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला आणि त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. कायद्याप्रमाणे पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. त्यासाठी वाहतुकीच्या चिन्हांची व नियमांची एक छोटी परीक्षा असते आणि तीत शेकडा साठ उत्तरे बरोबर यावी लागतात. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार क्रमांकाच्या साहाय्याने ही परीक्षा घरबसल्या देता येते. खेड्यातल्या मुलीला एस. टी. ने जळगावला दोनदा खेटे घालण्याचा त्रास वाचला, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र उमेदवार शेजारी बसून चहा पितो आणि संगणक चालविणारा भाऊ त्याच्या वतीने उत्तरे देतो, असेही प्रकार ऐकिवात आहेत. ज्या परीक्षेत 'रस्ता द्या' आणि 'प्रवेश बंद' यांतील फरक विचारतात, ती दुसऱ्याने देऊन काय साधले, हे त्या उमेदवारालाच ठाऊक.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. या काळातील अटी नीट वाचण्यासारख्या आहेत. शिकणाऱ्याबरोबर त्या वाहनाचा पक्का परवाना असलेली व्यक्ती असलीच पाहिजे, आणि तीही गाडी आवरता किंवा थांबविता येईल अशा जागी बसलेली. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या जमिनीवर तांबड्या रंगाचे 'एल' अक्षर असलेली पाटी हवी. तिची लांबी-रुंदी अठरा सेंटिमीटर असावी, इतके बारकाईने नियमात लिहिलेले आहे. मोटारसायकल शिकत असाल तर मागे शिकविणाऱ्याखेरीज कोणालाही बसविता येत नाही. म्हणजे शिकाऊ परवाना खिशात ठेवून मैत्रिणीला मागे घेऊन कॉलेजला येणे हे नियमाविरुद्ध आहे. मग ट्रिपल सीटचे काय सांगावे!

परवाना मिळाल्यापासून तीस दिवस झाले की पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी अर्ज करता येतो. येथेच आपली सगळी गंमत आहे. कायद्याने 'तीस दिवसांच्या आत येऊ नका' असे म्हटले. आपण त्याचा अर्थ 'तीस दिवस थांबा आणि एकतिसाव्या दिवशी या' असा केला. शिकण्याच्या काळाचे आपण वाट पाहण्याच्या काळात रूपांतर केले. चाचणीत दुचाकीस्वाराने पाय न टेकविता इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवून दाखवावयाची. चारचाकीवाल्याने गाडी पुढे घ्यावयाची, मागे घ्यावयाची, चढावर थांबवून पुन्हा हलवावयाची. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा येता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावे लागते. उत्तीर्ण झालेल्या वीस वर्षांच्या तरुणाला जो परवाना मिळतो, तो थेट वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. काल ज्याला एकट्याने गल्लीतही गाडी नेण्याची मुभा नव्हती, तो आज मध्यरात्री तीन मित्रांना मोटारीत घेऊन धुळ्याला जाऊ शकतो. कायदा त्याला अडवीत नाही.

याच ठिकाणी काही देशांनी मधली एक पायरी बांधली आहे. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याच्या परवान्याची पद्धत सुरू केली. तेथे शिकाऊ आणि पूर्ण परवाना यांच्यामध्ये एक मर्यादित परवाना असतो. तो असणाऱ्याने रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात एकट्याने गाडी चालवावयाची नाही, आणि अनुभवी चालक शेजारी नसेल तर, काही अपवाद सोडल्यास, प्रवासी घ्यावयाचे नाहीत. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्यात तरुण उमेदवाराला चाचणीपूर्वी एकशेवीस तास देखरेखीखाली गाडी चालविल्याची नोंद दाखवावी लागते, आणि त्यांपैकी वीस तास रात्रीचे असावे लागतात. आपल्याकडे २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. त्यांत हलक्या मोटारीचा अभ्यासक्रम एकोणतीस तासांचा आहे. पण तेथे जाणे ऐच्छिक आहे. गावाकडे शिकणाऱ्याचे तास मोजतो कोण?

रात्र आणि मित्र या दोनच गोष्टींवर त्या लोकांनी बोट का ठेवले? कारण नव्या चालकाला सर्वांत मोठा धोका शिकताना नसतो, कारण तेव्हा शेजारी कोणीतरी असते. धोका असतो तो एकटा पडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. हात क्लच व ब्रेकला महिन्या-दोन महिन्यांत सरावतात, परंतु डोळा इतक्या लवकर सरावत नाही. समोरची बैलगाडी वळणार आहे, उभ्या बसच्या पुढून माणूस येणार आहे, हे आधी ओळखण्याची नजर पुष्कळ दिवसांनी येते. अंधारात ती नजर आणखी अधू होते. बरोबर समवयस्क असले म्हणजे हुशारी दाखविण्याची इच्छाही होते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. दर शंभरांत चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती आणि शंभरांत सहासष्टांहून अधिक १८ ते ४५ या वयातली. हे आपलेच वय आहे.

जळगावकरांना या गोष्टी आकड्यांतून सांगण्याची गरज नाही. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग आपल्या शहराच्या मधोमध गेलेला आहे. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता, आता त्रेपन्न आहे. इच्छादेवी चौक, अजिंठा चौक, आकाशवाणी चौक या ठिकाणी लांब पल्ल्याचा ट्रक आणि शिकवणीला निघालेली स्कूटी एकाच सिग्नलला उभी असतात. समांतर रस्त्यांसाठी शहराने वर्षानुवर्षे आंदोलने केली, ती काही हौसेखातर केली नाहीत.

आता खेड्याकडे वळते, कारण मी तेथलीच आहे. आमच्या पारोळा तालुक्यात शेतकऱ्याचा मुलगा पुष्कळदा मोटारसायकलीच्या आधी ट्रॅक्टर शिकतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रोटाव्हेटर मारतो याचे घरात कौतुक होते. स्वतःच्या शेतात तो काय करतो हा निराळा प्रश्न. पण कापसाची ट्रॉली जोडून तो जिनिंगच्या वाटेला लागला की कायदा आडवा येतो. हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत साडेसात हजार किलोपर्यंतचा ट्रॅक्टर स्पष्टपणे घातलेला आहे. म्हणजे रस्त्यावर ट्रॅक्टर नेण्यास वय अठरा हवे आणि परवानाही हवा. आमच्याकडे यावर ठरलेले उत्तर असते, "गाडी येस ना माले, मंग कागद कसाले?"

कागद कशाला, याचे उत्तर पोलिसांच्या दंडात नाही. विनापरवाना चालविल्याबद्दल २०१९ पासून पाच हजार रुपये दंड आहे. तो जड आहे, पण एका हंगामात फिटतो. खरा प्रश्न अपघाताचा. विमा उतरविलेल्या गाडीने कोणाला इजा झाली तर भरपाई विमा कंपनी देते, असे आपण धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग यांच्या प्रकरणात याचा सविस्तर विचार केला. जखमी माणसाला भरपाईसाठी ताटकळत ठेवू नये, म्हणून कंपनीला आधी रक्कम भरण्यास सांगता येते. पण मालकाने जाणूनबुजून विनापरवाना माणसाच्या हाती गाडी दिली असे सिद्ध झाले, तर तीच रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. कर्त्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत जाते. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर पोट असलेल्या कुटुंबाकडे लाखांत देण्यासारखे जमिनीखेरीज काय असते? याच निकालात शिकाऊ परवान्यासंबंधीही एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. तोही कायद्याच्या दृष्टीने परवानाच आहे. तेवढ्या कारणावरून कंपनीला हात झटकता येत नाहीत. म्हणजे शिकाऊ परवान्याचा तो साधा कागद घरच्या सातबाऱ्याचीही राखण करतो. हे मला वाचून कळले तेव्हा मी आमच्या आप्पांना दोनदा समजावून सांगितले.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत २०१९ ची दुरुस्ती आणखी कडक आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण संगणक अभियंते गेले, तेव्हा या कलमाची सर्वत्र चर्चा झाली. चर्चा पुण्यातल्या श्रीमंत मुलाची झाली. कलम मात्र आमच्या ट्रॉलीवाल्यालाही तितकेच लागू आहे.

सोळाव्या वर्षीही एक परवाना मिळतो, असे पुष्कळजण सांगतात. ते खरे आहे, पण तो पन्नास सी.सी. पर्यंतच्या गाडीपुरता आणि पालकाच्या संमतीने. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना आली, त्या जातीच्या गाड्यांना तो शोभत होता. आज मुली ज्या स्कूटी व ॲक्टिव्हा चालवितात, त्यांचे इंजिन याच्या दुपटीहून मोठे असते. त्या सोळाव्या वर्षीच्या परवान्यावर चालत नाहीत.

वरच्या पायऱ्यांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या घरची चूल त्याच पायरीवर पेटते. ट्रक, बस यांसाठी परिवहन वाहनाचा परवाना लागतो. त्यास वय वीस पूर्ण हवे, हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा आणि डॉक्टरांचा दाखलाही हवा. तो दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. आपल्याकडे खरोखर टप्प्याटप्प्याची पद्धत कोठे असेल तर ती येथे आहे. म्हणजे पोटासाठी गाडी चालविणाऱ्याला कायदा थांबवून, तपासून पुढे सोडतो. हौसेने चालविणाऱ्याला एका महिन्यात मोकळे सोडतो.

या परवान्याला पूर्वी आठवी उत्तीर्णची अट होती. आमचे आप्पा पाचवीपर्यंत शिकलेले. गाडी उत्तम चालते, वीस वर्षांत कोणाला खरचटलेले नाही, पण आठवीचा दाखला कोठून आणणार? ते दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून सावद्याची केळी थेट दिल्लीपर्यंत पोचवीत आणि ट्रकचे चाक दुसऱ्याच्या हाती असे. हरियाणाच्या मेवात भागातील चालकांसाठी तेथील सरकारने ही अट काढण्याची विनंती केली आणि २०१९ साली केंद्राने ती देशभर रद्द केली. वाचता न येणाऱ्याला फलक कसे कळतील, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो अगदीच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण फलक कळतात की नाही, हे फलक दाखवून विचारावे. शाळेचा दाखला मागून ते कसे कळणार?

आणखी एक निकाल खेडोपाडी पिकअप व रिक्षा चालविणाऱ्यांना ठाऊक असावा. साडेसात हजार किलोहून कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले होते. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ते कायम केले. परिवहन परवाना नाही एवढ्याच सबबीवर पिकअपवाल्याचा दावा फेटाळणे आता विमा कंपन्यांना कठीण झाले आहे.

मधली पायरी कायद्यात नाही, तरी ती घरच्या घरी बांधता येते. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा आहे. एकतिसाव्या दिवशी चाचणीला गेलेच पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही. मी यंदा परवाना काढला. धाकटे मामा मागे बसतात, त्यांचा परवाना पक्का आहे. पहिला महिना गावाची शिव आणि मंदिराचा रस्ता, दुसरा महिना बाजाराच्या दिवशी पारोळ्याची पेठ. तिसऱ्या महिन्यात पावसात चालविले. महामार्गावर अजून गाडी घातलेली नाही. रात्रीचा सराव गेल्या आठवड्यात सुरू केला. समोरून केळीच्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले की त्या दिव्यांकडे पाहू नये, आपल्या डाव्या बाजूच्या पांढऱ्या रेषेकडे पाहावे आणि गती कमी करावी, हे मामांनी पहिल्याच रात्री सांगितले.