एका होस्टिंग अकाउंटवर अनेक वेबसाइट : जमते कसे आणि अडते कुठे?

होस्टिंग कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त प्लॅनमध्ये बहुधा एकच वेबसाइट चालते आणि त्याच्या वरच्या प्लॅनवर ‘अनलिमिटेड वेबसाइट्स’ असे लिहिलेले असते. दोन्हींच्या किमतीत फरक थोडाच. साहजिकच वाटते, की दुकानाची वेबसाइट, घरातल्या कुणाच्या शिवणक्लासची वेबसाइट आणि स्वतःचा ब्लॉग असे सगळे एकाच अकाउंटमध्ये बसवून टाकावे. ते बसतेही. पण त्या तीन वेबसाइट एकमेकींपासून किती वेगळ्या राहतात, हे जाहिरातीत लिहिलेले नसते.

सर्व्हरला कळते कसे?

ब्राउझरमध्ये डोमेनचे नाव टाकले की डीएनएस त्या नावाचा आयपी पत्ता शोधून देते आणि ब्राउझर त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडे पान मागतो. शेअर्ड होस्टिंगमध्ये शेकडो डोमेनचा आयपी पत्ता एकच असू शकतो. मग कोणाचे पान द्यायचे?

उत्तर मागणीतच असते. प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर ‘होस्ट’ नावाची एक ओळ पाठवतो आणि तिच्यात डोमेनचे नाव असते. पाकिटावर इमारतीच्या पत्त्याबरोबर माणसाचे नावही लिहावे, तसे. १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने ही ओळ सक्तीची केली. ती नसती तर प्रत्येक वेबसाइटला वेगळा आयपी पत्ता लागला असता, आणि जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी आहेत.

कुलपाच्या चिन्हाची, म्हणजे एचटीटीपीएसची अडचण वेगळी होती. तिथे सर्व्हरला नाव कळण्याआधीच सर्टिफिकेट दाखवावे लागे. २००३ मध्ये एसएनआय ही सोय मांडली गेली आणि पहिल्याच संवादात नाव सांगणे शक्य झाले. मात्र विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती समजत नसल्यामुळे कित्येक वर्षे लोक वेगळ्या आयपीसाठी जादा पैसे मोजत राहिले. आज साध्या वेबसाइटला त्याची गरज नाही.

दुसरी वेबसाइट जोडताना

सीपॅनेल वापरत असाल तर ‘डोमेन्स’मध्ये जाऊन नवे डोमेन जोडायचे, त्याच्यासाठी फोल्डर ठरवायचे आणि डोमेन जिथून घेतले तिथे नेमसर्व्हर बदलायचे. बदल सगळीकडे पोहोचायला काही तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात.

फोल्डर कुठे ठेवता, याकडे मात्र लक्ष द्या. ते मुख्य वेबसाइटच्या ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरच्या आत ठेवले, तर दुसरी वेबसाइट मुख्य डोमेनपुढे तिरपी रेघ आणि फोल्डरचे नाव टाकूनही उघडू शकते. ग्राहकाला मिठाईच्या दुकानाच्या पत्त्यावर शिवणक्लास दिसणे बरे नव्हे. म्हणून फोल्डर बाहेर, शेजारी ठेवावे.

एका खोलीतले भाऊ

शेअर्ड होस्टिंगला चाळ म्हटले तर तुमचे अकाउंट ही तिच्यातली एक खोली. चांगली कंपनी खोल्यांमध्ये पक्क्या भिंती घालते. क्लाउडलिनक्सच्या केजएफएससारख्या व्यवस्थेत एका अकाउंटला शेजारच्या अकाउंटच्या फायली दिसत नाहीत. पण खोलीच्या आत सहसा भिंत नसते. तुमच्या सर्व वेबसाइटचा पीएचपी कोड एकाच युजरच्या नावाने चालतो, आणि त्या युजरला तुमची सगळी फोल्डरे वाचता-लिहिता येतात.

याचा अर्थ असा, की तीन वर्षांपूर्वी स्पर्धेसाठी बनवलेली आणि नंतर विसरून गेलेली वर्डप्रेस वेबसाइट दुकानाच्या वेबसाइटचे मागचे दार ठरू शकते. तिच्यातल्या जुन्या प्लगिनमधून कोणी आत शिरला, तर शेजारच्या फोल्डरमधली ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइल त्याला वाचता येते, आणि डेटाबेसचा पासवर्ड तिच्यातच असतो. दुकानाच्या वेबसाइटवर प्रत्येक अपडेट वेळेवर केलेले असले, तरी इथे त्याचा उपयोग होत नाही. एक वेबसाइट साफ करावी आणि दोन दिवसांनी घाण परत यावी, याचे कारणही अनेकदा हेच असते. सफाई एकीची झालेली असते आणि संसर्ग दुसरीत शिल्लक असतो.

त्यामुळे न लागणारी वेबसाइट नुसती ‘बंद’ ठेवू नका. तिचे फोल्डर, डेटाबेस आणि डेटाबेसचा युजर, तिन्ही काढून टाका.

‘अनलिमिटेड’ला मर्यादा असते

वेबसाइट कितीही जोडा, पण प्रोसेसर, मेमरी आणि फायलींची संख्या (‘आयनोड’) यांची मर्यादा संपूर्ण अकाउंटला मिळून एकच असते. एका कोऱ्या वर्डप्रेसच्याच काही हजार फायली होतात. शिवाय बहुतेक होस्टिंगवर प्रत्येक ईमेल ही वेगळी फाइल असते. डिस्कवर जागा असूनही नवी फाइल चढत नसेल, तर आधी मेलबॉक्स तपासा. एकावेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा भरली की पाहुण्यांना ‘५०८’ क्रमांकाची त्रुटी दिसते. ब्लॉगवर अचानक गर्दी झाली, तर दुकानाची वेबसाइटही तिच्यात सापडते.

वेगळे कधी व्हावे?

स्वतःच्या दोन-तीन लहान वेबसाइट असतील तर एकत्र ठेवण्यात काही वावगे नाही. पैशांची देवाणघेवाण किंवा ग्राहकांची माहिती असलेल्या वेबसाइटला मात्र वेगळे अकाउंट घ्या. तिथे काटकसर महागात पडते.

इतरांसाठी वेबसाइट बनवणाऱ्यांनी तर सगळे ग्राहक एका अकाउंटमध्ये ठेवूच नयेत. उद्या त्यातला एक जण म्हणाला, ‘माझे सगळे माझ्या ताब्यात द्या,’ तर सीपॅनेलचा पासवर्ड देता येत नाही, कारण त्याच्यामागे बाकीच्यांच्याही वेबसाइट आणि मेल असतात. अशा कामासाठी रिसेलर होस्टिंग असते. त्यात प्रत्येक ग्राहकाचे अकाउंट आणि पासवर्ड स्वतंत्र असतो.

एकत्रच ठेवायचे ठरवले, तर बॅकअप मात्र वेबसाइटगणिक वेगळा घ्या, म्हणजे तिचे फोल्डर आणि तिचाच डेटाबेस. संपूर्ण अकाउंटचा कालचा बॅकअप परत चढवला, तर बिघडलेला ब्लॉग सुधारेल, पण दुकानाच्या वेबसाइटवर आज आलेल्या ऑर्डरी पुसल्या जातील.