प्रोजेक्टला किती दिवस लागतील?

“सत्र 16 आठवड्यांचं आहे सर, आम्ही दहात उरकतो.” शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारलं की उत्तर हे असं येतं. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, कोडची एक ओळ मला लिहिता येत नाही. पण माणूस उद्याबद्दल इतक्या खात्रीनं चुकतो कसा, हा प्रश्न आमच्याच घरातला.

ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांचा 1994 सालचा एक अभ्यास आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं 34. सगळंच बिघडलं तर? 49. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. म्हणजे बघा, वाईटात वाईट अंदाजसुद्धा अपुरा पडला!

याचं कारण काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच सांगितलं होतं. आपण आपल्या बेताची गोष्ट आतून रंगवत बसतो, पण असल्याच कामाला इतरांना किती वेळ लागला, हे विचारत नाही. आपल्या जेऊरचा शेतकरी यात शहाणा. ऊस कधी तुटणार विचारलं, तर तो नुसत्या नोंदीच्या तारखेवर बोलत नाही. गेल्या साली शेजाऱ्याच्या फडात टोळी कधी आली, ते आधी आठवतो. मग तुम्ही मागच्या बॅचला का नाही विचारत?

आता दुसरी गोष्ट. मुलांच्या लेखी प्रोजेक्ट म्हणजे कोडिंग. आयबीएमच्या अवाढव्य प्रणालीचं काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 च्या पुस्तकात आपला हिशोब दिलाय: एक तृतीयांश वेळ आखणीला, एक षष्ठांश कोडला आणि उरलेला निम्मा तपासणीला. 16 आठवड्यांत कोडला जेमतेम पावणेतीन आठवडे, तपासणीला आठ! आपल्याकडे तपासणी होते तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री. ब्रुक्स आणखी एक सांगतात, उशीर झालेल्या कामात नवी माणसं घातली की ते आणखी लांबतं. नव्याला समजावण्यात जुन्याचे दिवस जातात ना.

हे मी इतकं ताणून का सांगतोय? कारण अंदाज फसला की शेवटच्या महिन्यात काही मुलं तयार प्रोजेक्ट विकत आणतात. आळशी असतात म्हणून नव्हे, बरं का. वेळच उरलेला नसतो. चार वर्षं बापाच्या पैशानं शिकायचं आणि शेवटी दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घालायचं.

म्हणून पहिल्या आठवड्यात एवढंच करा. एक छोटा भाग घ्या, समजा फक्त लॉगिनचं पान. अंदाजाचे तास वहीत लिहा, काम करा, लागलेले तास शेजारी लिहा. चारचे नऊ झाले, तर बाकीच्या यादीलाही तोच गुणाकार लावा. यादी मावत नसेल तर त्याच दिवशी गाईडकडे जाऊन दोन सोयी कमी करून घ्या.