मॅडम, मशीन कुठलं लावणार?

फिजिओथेरपीची दर्शनी बाजू तुम्हाला ठाऊक आहेच. सांधे आखडू नयेत, स्नायू बळकट व्हावेत वगैरे मजकूर भिंतीवरच्या तक्त्यांवर असतो. दोन खाटांमधल्या हिरव्या पडद्याआड काय चालतं, ते मात्र अशा एका विभागात बरीच वर्षं वावरल्यामुळे माझ्या कानांवर आलं. त्यातलं छापण्याजोगं तेवढं सांगतो.

केसपेपर टेबलावर ठेवायच्या आधीच रुग्ण विचारतो, 'मॅडम, मशीन कुठलं लावणार?' व्यायाम म्हणजे त्याच्या लेखी भाजीवर फुकट मिळालेली कोथिंबीर. एकदा इंटर्नशिप करणाऱ्या मुलीनं एका आजोबांच्या जखडलेल्या खांद्यावर जेल लावलं आणि अल्ट्रासाउंड मन लावून फिरवलं. सगळं उरकल्यावर तिचं लक्ष गेलं, भिंतीवरचं बटण बंदच होतं! ती रडवेली झाली. आजोबा मात्र खूश. 'आज खरा गुण आला. कालच्या मुलीचा हात काही खरा नाही.' तिला धीर द्यायला सीनियर बाईंनी ब्रिटनमधला १९८६ सालचा एक शोधनिबंध काढून दिला. अक्कलदाढ काढल्यावर येणाऱ्या सुजेवर त्यात अल्ट्रासाउंड वापरून पाहिलं होतं आणि बंद मशीन चालू मशीनच्या तोडीस तोड ठरलं होतं. एवढं वाचून दाखवल्यावर बाईंनी दुसऱ्याच दिवशी बटणावर चिठ्ठी डकवली : 'आधी चालू करा.'

अशा चुकांची परंपरा थोर आहे. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचे रॉबिन मॅकेंझी हे या क्षेत्रातलं मोठं नाव. १९५६ साली त्यांच्याकडे येणारे 'मिस्टर स्मिथ' तीन आठवडे उपचार घेऊनही पाठीपासून पायात उतरणाऱ्या कळांनी हैराण होते. 'आत जाऊन पालथे झोपा,' असं मॅकेंझींनी सांगितलं. आधीच्या रुग्णासाठी खाटेचं एक टोक उचललेलं होतं, ते कुणी खाली केलंच नव्हतं. स्मिथ निमूटपणे तसेच, पाठ मागे वाकवून पाचेक मिनिटं पडून राहिले. मॅकेंझी आले आणि हादरलेच, कारण पाठ अशी वाकवणं तेव्हा घातक मानत. स्मिथ मात्र म्हणाले, तीन आठवड्यांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं! (घरी उशा रचून हा प्रयोग करू नका. असं वाकून काहींचं दुखणं वाढतं, म्हणून आधी तपासणी हवी.) यातून एक उपचारपद्धती उभी राहिली आणि रुग्णांनी आपली पाठ आपणच सांभाळावी म्हणून मॅकेंझींनी १९८० साली पुस्तकही लिहिलं. खाट सपाट करायला विसरणाऱ्याला रॉयल्टी मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आता मानापमान. १८९४ साली मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांचा लंडनमध्ये बोभाटा झाला, तेव्हा चार नर्सनी आपली अब्रू राखायला संस्था काढली. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश करायचं नाही, हा नियम त्यांनीच स्वतःला घालून घेतला. आपल्याकडे सप्टेंबर २०२५मध्ये भांडण थेट नावाआधीच्या 'डॉ.'वर आलं. फिजिओथेरपिस्टनी ते लावू नये, असं केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं आणि लगोलग मागेही घेतलं गेलं. त्या दिवसांत चहाच्या टेबलावर अस्थिरोग आणि फिजिओ समोरासमोर बसायचे टाळत. बाहेर बाकावर मात्र एक मावशी दुसरीला सांगत होती, 'त्या शेकवाल्या बाई कधी येतात गं?'

विभागातला सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र 'व्यायाम केलात का?' हाच. उत्तर ठरलेलं : 'हो, रोज.' मग मॅडम म्हणतात, 'करून दाखवा बरं,' आणि अचानक घड्याळ बघितलं जातं. गुडघेदुखीचे एक काका पुरावा म्हणून वहीच घेऊन आले. रोजची बरोबरची खूण, तीही वेगवेगळ्या शाईत. मॅडमनी पान उलटलं तर उद्याच्या तारखेवरही खूण!

काकांसोबत काकू यायच्या आणि स्टुलावर बसून सगळं ऐकायच्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबून दहा आकडे धरायचं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. थोडं दुखलं तरी चालेल, पण सकाळपर्यंत ओसरायला हवं, नाहीतर व्यायाम कमी करायचा, बंद नाही. काकूंचेही गुडघे कुरकुरत होते, पण त्यांचा केसपेपर कुणी काढलाच नव्हता. काही आठवड्यांनी त्या जिना बिनतक्रार चढून वर आल्या. काका मागून, कठड्याला धरून. आल्या आल्या काकांनी मॅडमना सुनावलं, 'तुमच्या मशीनचा मला काडीचा उपयोग नाही. हिला बघा, नुसतं शेजारी बसून फरक पडला!'