विश्लेषण : हळद फुप्फुसाच्या कर्करोगावर औषध आहे का?

‘हळदीने कर्करोग बरा होतो’ असे संदेश समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. त्यांना संशोधनाचा आधार असल्याचेही सांगितले जाते. तो आधार नेमका कितपत आहे?

पेशींवर काय परिणाम दिसला?
हळदीला पिवळा रंग देणारा घटक म्हणजे कर्क्युमिन. फुप्फुसाच्या कर्करोगावरील प्रयोगांत बहुधा ‘ए५४९’ पेशी वापरल्या जातात. १९७२ मध्ये एका रुग्णाच्या गाठीतून मिळालेल्या या पेशी आज जगभरातील प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. कर्क्युमिन दिल्यावर त्यांची वाढ मंदावते आणि अनेक पेशी मरतात. पेशींना तगवून धरणाऱ्या ‘एनएफ-कप्पा बी’ या प्रथिनाच्या कामात ते अडथळा आणते.

मग औषध का झाले नाही?
काचेच्या बशीत हवी तेवढी मात्रा देता येते, शरीरात नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि यकृत त्याचे झटपट रूपांतर करते. तैवानमधील २००१च्या चाचणीत रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही रक्तातील सरासरी कमाल पातळी २ मायक्रोमोलरच्या आतच राहिली. पेशींवरील प्रयोगांत बहुधा याच्या अनेक पट मात्रा वापरतात. शिवाय हळदीत कर्क्युमिन असते अवघे काही टक्के.

वनस्पतींपासून औषधे बनतच नाहीत?
बनतात. यू वृक्षाच्या सालीत सापडलेले पॅक्लिटॅक्सेल आणि सदाफुलीतील द्रव्यांपासून तयार केलेले व्हिनोरेल्बिन फुप्फुसाच्या कर्करोगावर वापरले जाते. मात्र यूच्या सालीचे नमुने १९६२ मध्ये गोळा झाले आणि अमेरिकेत औषधाला पहिली मंजुरी मिळाली १९९२ मध्ये, तीही अंडाशयाच्या कर्करोगासाठी. मधली ३० वर्षे शुद्धीकरण, मात्रा आणि चाचण्यांत गेली.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?
नाही. गाजरात आढळणारे बीटा-कॅरोटीन फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवेल, अशी आशा होती. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तो उलटा : या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

रुग्णांनी काय करावे?
रोजच्या भाजी-आमटीतील हळदीला हरकत नाही. कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जास्त मात्रेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हळदीच्या भरवशावर सुरू असलेले उपचार थांबवणे सर्वांत धोक्याचे. त्या काळात आजार पुढच्या टप्प्यात जाऊ शकतो.